एक जुलैची लागण

शेवटची ओळ नीट दिसते का, एवढंच प्रियदर्शनीला बघायचं होतं. ही तिची जुनी खोड. नवी यादी पडद्यावर आली की पहिली ओळ बघायची आणि तडक तळाला जायचं. मधलं सहसा बरोबरच असतं, घोळ होतात ते टोकांना, हे तिनं इतक्या वर्षांच्या नोकरीत पक्कं केलेलं. सांगलीतल्या साखर समूहाच्या कार्यालयात दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह भरलं होतं. समोसे येऊन गेले होते. चारही कारखान्यांचे शेती अधिकारी खुर्च्यांत सैलावून भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होते, आणि तिनं दोन वर्षं खपून आखलेल्या यंत्रणेनं यंदाचा तोडणी कार्यक्रम पहिल्यांदाच आपल्या डोक्यानं लावला होता. कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा मागनं, हा या भागातला सगळ्यात नाजूक प्रश्न. त्यावरून सोयरिकी मोडतात, निवडणुका फिरतात. आता तो माणसांच्या हातातून काढून घेतला होता. लागण, म्हणजे लावणी, आधीची तो ऊस आधी, नंतरची तो नंतर. प्रियदर्शनी पान खाली खाली नेत तळाशी थांबली, आणि शेवटच्या ओळीत तिला तिच्या बापाचं नाव दिसलं. साळुंखे मानसिंग राऊ. उंब्रज गट. आडसाली.

शेवटचं पानसुद्धा बरोबर येतंय, असं ती सगळ्यांना म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिलाच नवल वाटलं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी तसं तिला झालं होतं. वडिलांच्या वरच्या ओळीत धोंडुबाई होती, तिच्या वर जोतिबा, त्याच्या वर आणखी तीन नावं, आणि ती सगळी एकाच आळीतली. लहानपणी दळण घेऊन जाताना जी दारं ओलांडावी लागत त्याच क्रमानं ती नावं उभी होती. कुणीतरी तिची आळी उचलून यादीच्या तळाला आणून ठेवली होती. कुणीतरी कशाला, तिनंच. तिनं पान परत वर नेलं. पहिल्या पानावर लागणीची तारीख एक जुलै. दुसऱ्या पानावर एक जुलै. आडसालीची नोंद एक जुलैपासून धरायची, हा या कारखान्याचा नियम. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाला लावलेला आणि दीड वर्षानं तुटणारा जेवढा म्हणून ऊस त्या गटात उभा होता, तो सगळा एकाच दिवशी मातीत गेला होता. एका दिवसात एवढं बेणं कुठून आलं, एवढे मजूर कुठून आले, पाणी कुणी कुणाला दिलं, असलं काही यंत्राला पडलेलं नव्हतं. त्याला तारीख दिली, ती त्यानं मानली. फक्त या सहा घरांच्या तारखा वेगवेगळ्या होत्या, जुलैच्या शेवटाच्या, ऑगस्टच्या. खऱ्या होत्या म्हणून वेगवेगळ्या होत्या.

लोकांना तिचं काम नीट सांगता येत नसे. सासरी वाईला कुणी विचारलं तर नवरा देवदत्त म्हणायचा, ही प्रोग्राम लिहीत नाही, प्रोग्राम काय असावा ते लिहिते. हे त्यातल्या त्यात बरं होतं. कंपनी पुण्याची, ती राहायची सांगलीत विश्रामबागला, आणि तिचा खरा धंदा होता माणसांना विचारत बसण्याचा. तुम्ही सकाळी आल्यावर आधी काय करता. मग काय करता. असं झालं नाही तर काय करता. माणसं आपण काय करतो ते कधीच सांगत नाहीत, आपण काय करायला हवं ते सांगतात, आणि त्या दोन्हींमधली फट हुडकून काढायची यातच तिची सगळी हुशारी होती. तिला हे काम मनापासून आवडायचं. दोन वर्षांपूर्वी उंब्रजच्या गट ऑफिसात, वर घरघरणाऱ्या पंख्याखाली, तिनं शेती अधिकारी नाथाजींना विचारलं होतं, की शेतकरी लागणीची तारीख सांगतो ती खरी असते का. नाथाजी दिलखुलास हसले होते. खरी कशी असेल, म्हणाले होते, खरी सांगून कोण मागं राहील? तिनं हे ऐकलं होतं, वहीत टिपलंही होतं, आणि मग पुण्याला बसून जे जाडजूड कागदपत्र तयार केलं त्यात, गृहीतके या मथळ्याखाली, एक ओळ घातली होती: शेतकऱ्याने दिलेली लागणीची तारीख खरी मानली जाईल. ती ओळ लिहिताना ती थोडा वेळ थांबली होती, हे तिला आज लख्ख आठवलं. पण कुठल्याही यंत्रणेला कशावर तरी विश्वास ठेवूनच सुरुवात करावी लागते. सगळ्यावर संशय घेणारी यंत्रणा आखता येत नाही, आखली तर ती चालत नाही. शिवाय तिला आतून वाटलं होतं की सगळं उघड्यावर आलं, प्रत्येकाला प्रत्येकाची तारीख मोबाइलवर दिसू लागली, की लोक आपोआप खरं सांगतील. शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत खोटं कोण लिहील? शेजाऱ्यानंही तेच लिहिलेलं असेल तर लिहितात, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या.

चहाच्या वेळी नाथाजी कप घेऊन तिच्या शेजारी खिडकीशी येऊन उभे राहिले. अंगानं जाड, स्वभावानं मऊ माणूस. तळाचं नाव त्यांनीही बघितलं होतं, आणि सैन्यातून सुभेदार होऊन परतलेल्या तिच्या वडिलांना, आप्पांना, ते चांगले ओळखत होते. त्यांनी आवाज खाली घेतला.

"सुभेदारांचं तेवढं वर घेऊ की, मॅडम. अपवादाची स्क्रीन तुम्हीच दिलीय आम्हाला. एका बटणाचं काम."

तिनं आपला कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. मग तिनं विचारलं, की यादी हातानं लागायची तेव्हा आप्पांचा ऊस कधी असा शेवटाला गेला होता का. नाथाजी म्हणाले, कधीच नाही, आणि मग कसं चालायचं ते त्यांनी चहा संपेस्तोवर सांगितलं. सुभेदार सोडले तर तारीख सगळेच एक जुलै सांगायचे, तशीच ती लिहूनही घ्यायची, माणसाला तोंडावर खोटं कशाला पाडा. मग भाद्रपदात कारखान्याचा माणूस फडातून फिरायचा. आधी सुभेदारांच्या फडाशी जायचा. मानसिंग साळुंख्यांची तारीख म्हणजे पंचांग. त्यांच्या उसाची कांडी मोजायची, मग शेजारच्या फडातली मोजायची, आणि त्या फरकावरून शेजारच्याची खरी तारीख काढायची. असं एकाच्या फडावरून सगळ्या शिवाराचं गणित बसायचं. बोलायचं कुणी नाही, पण ठाऊक सगळ्यांना असायचं.

"मग हे मला तेव्हा का नाही सांगितलं?" ती म्हणाली.

नाथाजींनी खरोखरच विचार केला. "तुम्ही विचारलं न्हाई," ते म्हणाले. "आणि ही काय लिहून द्यायची गोष्ट हाय, असं वाटलंच न्हाई बघा."

तिला त्यांचा राग आला, मग वाटलं यांच्यावर रागावण्यात काही अर्थ नाही, आणि मग राग जागा न मिळाल्यासारखा तिच्याच भोवती फिरत राहिला. दुपारभर ती बोलत होती, प्रश्नांना उत्तरं देत होती, आणि एकीकडे मनात हिशेब चालला होता. सहा फडांना अपवाद करायचा तर कारण लिहावं लागतं, आणि कुणी परवानगी दिली त्याचं नाव त्या ओळीपुढं कायमचं दिसत राहतं. तिनंच तसं आखलं होतं, वशिला उघडा पडावा म्हणून. उद्या साऱ्या गटाच्या मोबाइलवर दिसेल की सुभेदाराचा ऊस त्याच्या पोरीच्या यंत्रातून वर आला. ज्या माणसाच्या तारखेवरून शिवाराच्या तारखा काढायचे, त्याला एका बटणात लबाड ठरवायचं. आणि नाही केलं तर ऊस फेब्रुवारी संपता संपता तुटणार. तोवर तुरा येऊन जाईल, कांडं आतून पोकळ पडेल, वजन जाईल. आप्पा त्यावर एक अक्षर बोलणार नाहीत. पण ती पाच घरं बोलतील, आणि बोलली नाहीत तरी दारातून जाता येता बघतील.

कारण ती पाच घरं आपणहून खरं बोलायला गेली नव्हती. गेल्या वर्षी नोंदी सुरू झाल्या तेव्हा आईनं फोनवर हसत हसत सांगितलं होतं ते तिला आठवलं. देवळापुढं चारचौघं बसली होती, आणि आप्पा, जे कधी सभेत तोंड उघडत नाहीत, ते उभे राहून म्हणाले होते की आता तिथं माझी लेक बसली आहे, आता समद्यांनी खरं लिवा, खऱ्याचं वाईट होणार न्हाई. बहुतेकांनी माना हलवल्या आणि घरी जाऊन एक जुलै लिहिलं. पाच घरांनी मात्र ऐकलं. धोंडुबाईनं तर लागणीच्या दिवशी कोण मजूर आले होते ते आठवून आठवून तारीख काढली होती. बाईचा एकुलता एक मुलगा अर्जुना सैन्यात. तोडणी टोळीशी बोलणं, गाडी फडाबाहेर काढणं, सगळं त्याच्याच जिवावर. आडसाली ऊस जानेवारीत जातोच या भरवशावर त्यानं जानेवारीची सुट्टी लावून घेतली होती. तेव्हा आईचं हे बोलणं ऐकून प्रियदर्शनीला जो आनंद झाला होता, तो आता आठवला तरी तिला कानकोंडं होत होतं. नोकरीत मिळालेली कुठलीही बढती तिला एवढी गोड लागली नव्हती.

संध्याकाळी घरी येऊन ती बाल्कनीत बसली. देवदत्तनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, यात एवढं काय, सहाच्या सहा वर घे, चूक यंत्रणेची आहे. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण चूक यंत्रणेची म्हणजे नक्की कुणाची, हे त्यानं तिच्यावर मेहेरबानी करून सांगितलं नाही. बाल्कनीत ती वेताची खुर्ची अजून तशीच होती, जूनच्या अखेरीला आप्पांच्या मोतीबिंदूसाठी बाहेर काढलेली. मिरजेला शस्त्रक्रिया झाली आणि ते इथे महिनाभर राहिले. काळा चष्मा लावून या खुर्चीत ताठ बसायचे, खालून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ओळखायचे. डोळ्यात थेंब घालायचं काम तिच्याकडे होतं. मान मागं टाकून ते अगदी शिस्तीत बसायचे आणि ती तिच्या बापाचा चेहरा इतक्या जवळून बघायची, जितका तिनं लहानपणी कधी बघितला नव्हता, कारण लहानपणी तो कायम कुठल्यातरी सीमेवर असायचा. एक दिवस थेंब घालताना ते एकाएकी हसले. "आज एक जुलै न्हवं? गावाकडं आज समद्यांची लागण झाली आसंल बघ," म्हणाले, आणि हसता हसता डोळा मिटला, थेंब गालावरून खाली ओघळला. तिनं तो पुसला, दुसरा घातला. आमची कवा व्हायची, डोळा बरा झाल्यावर, ऑगस्टात, असंही ते पुढं म्हणाले होते. ओढ्याकडच्या तुकड्यात यंदा नवा ऊस लावायचा होता.

सकाळी ती एकटीच गाडी घेऊन निघाली. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं, पेठ नाक्यावर हायवे लागला. दोन्ही अंगांना ऊसच ऊस, उंच, गर्द, वाऱ्यावर पातीला पाती घासणारा, आणि तिला गंमत वाटली की बाहेरून बघणाऱ्याला हा सगळा एकाच वयाचा दिसतो. शाळेत तिचा वर्गही असाच होता. त्या काळी त्यांच्या गावात पोरांचे जन्म कुठल्याही महिन्यात होत, पण शाळेच्या पटावर सगळी एक जूनला जन्मायची. मास्तर बापाला विचारायचे, एक जून लिहू का, बाप म्हणायचा लिहा, आणि पोर पहिलीत बसायचं. तिला शाळेत घालायच्या वर्षी आप्पा नेमके सुट्टीवर होते. बुटाला पॉलिश करून, तिचं बोट धरून ते तिला शाळेत घेऊन गेले. मास्तरांनी विचारलं. आप्पा म्हणाले, पोरगी ऑगस्टातली आहे. मास्तर म्हणाले, हवालदार, सगळ्यांचीच ऑगस्टातली, पौषातली असतात, पण एक जून लिहिलं की वर्ष वाचतं. आप्पा म्हणाले, झाली ऑगस्टात तर जूनमध्ये कशी लिहू. त्या एवढ्याशा वाक्यावर तिचं वर्ष गेलं. पाच पुरी व्हायला दोन महिने कमी पडले आणि ती परत बालवाडीत, तीच गाणी, तेच मणी, आणि जाळीच्या खिडकीतून पलीकडं तिच्याबरोबरची राजेश्वरी पाटी घेऊन पहिलीत चाललेली. आप्पा सुट्टी संपवून निघून गेले. पुढं दहावीपर्यंत ती वर्गात सगळ्यात उंच, सगळ्यात मागच्या बाकावर. आई ते वर्ष विसरली नाही. कुठलंही भांडण झालं की शेवटी तिथंच येऊन थांबायचं, एक जून लिवलं आस्तं तर काय बिघडलं आस्तं. प्रियदर्शनीनं त्या माणसाचा वर्षानुवर्षं राग धरला, आणि मग कधीतरी, कॉलेजात की नोकरीत, त्या रागाचाच अभिमान झाला. आपली जन्मतारीख खरी आहे असं ती लोकांना सांगू लागली. आपण जे काम करतो, माहितीच्या खरेपणासाठी अधिकाऱ्यांशी हुज्जत घालतो, ते त्या मागच्या बाकावरूनच सुरू झालं असं तिला वाटायचं. कऱ्हाड मागं पडताना तिला पहिल्यांदा वाटून गेलं की मास्तर काही लबाड नव्हते. ते सगळ्यांची एकच तारीख लिहायचे आणि मग वर्गात बसलेल्या पोरांकडे बघून कोण केवढं आहे ते ओळखायचे. बघणारं माणूस असलं तर खोट्या तारखेनं एवढं काही बिघडत नव्हतं. तिनं बघणारं माणूस काढून टाकलं होतं आणि तारीख तेवढी ठेवली होती.

उंब्रज ओलांडून ती आत वळली. दारात गाडी थांबली तशी आई बाहेर आली आणि काही न विचारता पाणी आणायला आत गेली. त्यावरून प्रियदर्शनीनं ओळखलं की इथं सगळं कळलेलं आहे. यादी काल संध्याकाळीच मोबाइलवर आली होती. आईनं पाण्याचा तांब्या ठेवताना एवढंच सांगितलं, की धोंडुबाई सकाळी येऊन गेली, भांडली नाही, काही नाही, फक्त अर्जुनाची सुट्टी पुढं ढकलता येते का ते विचारून गेली. आप्पांनी तिला सांगितलं की येत नाही. सैन्यातलं त्यांना ठाऊक. मग ते टोपी घालून जे बाहेर पडले ते आत्ता ओढ्याकडच्या तुकड्यात आहेत. आई चहा पिऊन जा म्हणाली तरी प्रियदर्शनी थांबली नाही.

आप्पा बांधावर उभे होते. सत्तरीतही पाठ सरळ, हातात काठी, पण टेकलेली नाही. समोर नवी लागण, गुडघ्याच्या वर आलेली, सरी नीट भरलेली. पलीकडं गेल्या वर्षीचा ऊस, डोक्याच्या कितीतरी वर गेलेला, काही ठिकाणी आडवा झालेला. तो यंदा शेवटी तुटणार होता. तिनं वाटेत सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. तीन मार्ग आहेत, असं ती म्हणणार होती, बैठकीत म्हणते तशी. ती जवळ गेली आणि एकदम म्हणाली की आप्पा, माझं चुकलं. आप्पांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं की डोळ्यात घालायचे थेंब संपलेत, आणलेस का. तिनं आणले नव्हते.

तिनं मग सांगितलं, की सहाही फड वर घेता येतील, नाथाजी तयार आहेत. आप्पा म्हणाले, नको. ती म्हणाली की पुढच्या वर्षी ती ओळच बदलून टाकेन, तारखेवर भरवसा न ठेवता फड बघून नोंद करायची असं लिहीन, मांडेन, भांडेन. आप्पा म्हणाले, मांड की, भांड. आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढून तिच्या हातात दिला. या तुकड्याची नोंद राहिली होती, महिनाअखेर मुदत होती, आणि त्यांना अजून बारीक अक्षर नीट दिसत नव्हतं. बाकीच्या पाच घरांच्या यंदाच्या नोंदी झाल्यात, ते म्हणाले. सकाळपासनं दारोदार हिंडून त्यांनीच करायला लावल्या होत्या.

ते पडद्याचं पान तिचंच होतं. कुठला रकाना कुठं, कुठलं अक्षर केवढं, सगळं तिनं ठरवलेलं. गाव आलं, गट आला, क्षेत्र आलं, उसाची जात आली. मग लागणीची तारीख. तिथं ती थांबली.

"कवा केली, आप्पा?" तिनं विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं. ऑगस्टात इथं मजूर लागले होते तेव्हा आईनं फोनवर जेवणाची यादी सांगितली होती.

आप्पा उसाकडे बघत म्हणाले, "एक जुलै."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं वर पाहिलं. ज्या डोळ्यात तिनं त्या दिवशी थेंब घातले होते तो डोळा तिच्याकडे वळला, स्वच्छ, नव्यासारखा, आणि त्यानं तिला ओळखू दिलं की तो दिवस त्यालाही आठवतोय.

"आप्पा, एक जुलैला तुम्ही माझ्याकडं होता."

"व्हय," आप्पा म्हणाले. "एक जुलै लिव."

ती हलली नाही. तेव्हा ते, जे कधी समजावून सांगत नाहीत, हळू आवाजात म्हणाले, "माझं एकल्याचं आस्तं तर मी आणिक धा वर्सं मागं हुबा ऱ्हायलो आस्तो. माझ्या शब्दावर पाच घरं मागं आली, पोरी. आज त्यास्नी म्या सांगितलं, एक जुलै लिवा. आता त्यास्नी लिवायला लावून आपुन खरं लिवायचं, ह्ये बरं न्हाई."

तिला बालवाडीची जाळीची खिडकी आठवली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खिडकीबाहेर उभा असलेला माणूस तिला दिसला, सुट्टी संपत आलेला, पॉलिश केलेल्या बुटांतला, पोरीचं वर्ष गेलं तरी बधला नाही असा. आईच्या टोमण्यांना बधला नाही, मास्तरांना बधला नाही, भावकीला नाही, वरिष्ठांना नाही. तिनं खपून, सगळ्यांना विचारून, नीट सह्या घेऊन जे उभं केलं, त्यानं त्याला एका हंगामात वाकवलं होतं. आता नाथाजींचा माणूस भाद्रपदात कुणाच्या फडाशी जाऊन उभा राहणार होता, आणि कुणाची कांडी मोजणार होता? साऱ्या शिवारात खरी तारीख म्हणून उरली नव्हती. ती रडली असती, पण आप्पांसमोर रडायची घरात पद्धत नव्हती.

तिनं तारीख घातली. पान क्षणभर फिरलं आणि हिरवी खूण आली, नोंद झाल्याची. चार वेळा चाचणी करून तिनं ती खूण पास केली होती.

आप्पांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. ते थोडे पुढं वाकून पडद्याकडे बघत होते, न दिसणारं वाचू पाहत.

"घेतली?" त्यांनी विचारलं.

"घेतली."

"काय म्हनलं न्हाई त्ये?"

वाऱ्यानं पलीकडचा मोठा ऊस एका बाजूला कलला आणि परत सरळ झाला. ती मोबाइल त्यांच्या हातात देत म्हणाली, "न्हाई, आप्पा."